डिजिटल ध्वनी : मूलभूत संकल्पना आणि संज्ञा

नभोवाणीचे बातमीपत्र असो, भ्रमणध्वनीवरील संभाषण असो की संगीताची ध्वनिफीत असो, आज आपल्या कानी पडणारा बहुतेक यांत्रिक ध्वनी त्याच्या प्रवासात कुठे ना कुठे आकड्यांच्या रूपात वावरलेला असतो. या आकड्यांशी निगडित सॅम्पल रेट, बिट डेप्थ, बिट रेट, कोडेक या संज्ञा संगणकाच्या पडद्यावर आणि उपकरणांच्या वेष्टनांवर नित्य आढळतात. एरवी त्यांच्याकडे दुर्लक्ष केले तरी चालते. मात्र जुनी टेप किंवा कॅसेट संगणकावर उतरविण्याची वेळ आली की याच संज्ञांबाबत निर्णय करावा लागतो आणि त्या वेळी झालेली चूक पुष्कळदा दुरुस्त करता येत नाही.

प्रस्तुत लेखात या संज्ञांचा अर्थ आणि त्यांचा परस्परसंबंध दिला आहे. विवेचनासाठी जयपूर शहराचा आधार घेतला आहे. सूक्ष्म मोजमाप म्हणजे काय, हे तेथील वेधशाळेवरून सहज समजते, तर ध्वनी जपला नाही तर काय हरपते, हे या शहराचे नाव धारण करणाऱ्या गायकीच्या इतिहासावरून ध्यानात येते.

ध्वनी आणि त्याचे ॲनालॉग रूप

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबात होणारे जलद चढउतार. एका सेकंदात असे किती चढउतार होतात, त्या संख्येस वारंवारता म्हणतात आणि ती हर्ट्झ या एककात मोजतात. निरोगी तरुण कानाला साधारणतः २० ते २०,००० हर्ट्झ या पट्ट्यातील ध्वनी ऐकू येतो. वय वाढते तशी वरची मर्यादा खाली येते. चढउताराच्या उंचीस आयाम म्हणतात. स्वराचा उंचसखलपणा वारंवारतेवर, तर आवाजाचा लहानमोठेपणा आयामावर अवलंबून असतो. आवाजाची पातळी डेसिबलमध्ये सांगण्याची पद्धत आहे.

मायक्रोफोन हवेतील चढउतारांचे विजेच्या चढउतारांत रूपांतर करतो. हेच चढउतार तबकडीच्या खाचेत नागमोडी वळणांच्या रूपाने, तर टेपवर चुंबकीय बदलांच्या रूपाने उतरतात. मूळ लहरीचा आकार येथे अखंडपणे दुसऱ्या माध्यमात नेलेला असतो, म्हणून या पद्धतीस ॲनालॉग म्हणतात. तिची उणीव अशी की, माध्यमाचा स्वतःचा दोषही ध्वनीत मिसळतो. तबकडीवरील ओरखडा आणि टेपची खरखर मूळ ध्वनीपासून वेगळी राहत नाही. टेपवरून टेप उतरविली की प्रत्येक प्रतीगणिक ही खरखर वाढत जाते.

सम्राट यंत्राची छाया

महाराजा सवाई जयसिंह यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जयपूर येथे जंतरमंतर ही वेधशाळा उभारली. २०१० मध्ये युनेस्कोने तिचा जागतिक वारसा स्थळांच्या यादीत समावेश केला. तेथील सम्राट यंत्र ही सुमारे २७ मीटर उंचीची भव्य छायाघडी आहे. तिच्या तिरप्या भिंतीची छाया दोन्ही बाजूंच्या वक्राकार पट्ट्यांवर सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने सरकते. पट्ट्यांवर वेळेचे विभाग कोरलेले असून सर्वांत लहान विभाग दोन सेकंदांचा आहे.

छाया अखंड सरकत असते. ती कोणत्याही रेषेपाशी थांबत नाही. हे ॲनालॉगचे उदाहरण होय. आता एखादा निरीक्षक ठरावीक अंतराने छायेची जागा पाहून जवळच्या रेषेचा आकडा वहीत लिहितो आहे, असे समजू. वहीतील आकड्यांची ही रांग म्हणजे डिजिटल नोंद. तिची गुणवत्ता दोन गोष्टींवर ठरते. नोंद किती वेळाने घेतली, ही पहिली. पट्टीवरील रेषा किती बारीक आहेत, ही दुसरी. डिजिटल ध्वनीत पहिल्या गोष्टीस सॅम्पल रेट आणि दुसरीस बिट डेप्थ म्हणतात. पुढील बहुतेक संज्ञा या दोहोंतूनच निघतात.

सॅम्पल रेट

मायक्रोफोनकडून आलेल्या विजेच्या लहरीचे एका सेकंदात जितक्या वेळा मोजमाप घेतले जाते, त्या संख्येस सॅम्पल रेट म्हणतात. प्रत्येक मोजमाप म्हणजे एक सॅम्पल, अर्थात नमुना. हे काम करणाऱ्या मंडलास ॲनालॉग-डिजिटल परिवर्तक आणि आकड्यांपासून पुन्हा विजेची लहर घडविणाऱ्या मंडलास डिजिटल-ॲनालॉग परिवर्तक म्हणतात.

सेकंदाला किती नमुने पुरेसे ठरतात, याचे गणिती उत्तर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिळाले. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये दूरसंदेशवहनाच्या संदर्भात त्याची मांडणी केली आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये त्याला सुस्पष्ट सिद्धांताचे रूप दिले. जी कमाल वारंवारता टिपावयाची असेल तिच्या दुपटीहून अधिक वेळा नमुने घेतले पाहिजेत, असा हा नियम आहे. २०,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी टिपावयाचा तर सेकंदाला ४०,००० हून अधिक नमुने हवेत.

हा नियम पाळला नाही तर काय घडते, हे चित्रपटातील टांग्याच्या चाकावरून कळते. कॅमेऱ्याची चौकटींची गती अपुरी पडली की पुढे जाणारे चाक उलटे फिरताना दिसते. ध्वनीतही अपुऱ्या नमुन्यांमुळे उंच स्वर भलत्याच खालच्या स्वराचे सोंग घेऊन परत येतो. सेकंदाला ४४,१०० नमुने घेत असताना ३०,००० हर्ट्झचा संकेत आत शिरला, तर तो १४,१०० हर्ट्झचा होऊन ऐकू येईल. या दोषास एलिआसिंग म्हणतात. तो टाळण्यासाठी मोजमापापूर्वीच गाळणी लावून मर्यादेवरील वारंवारता काढून टाकतात.

सोनी आणि फिलिप्स यांनी विकसित केलेली कॉम्पॅक्ट डिस्क, म्हणजेच सीडी, १९८२ मध्ये बाजारात आली. तिचा सॅम्पल रेट ४४.१ किलोहर्ट्झ आहे. हा विचित्र वाटणारा आकडा चित्रफितीवरून आलेला आहे. त्या काळी डिजिटल ध्वनी साठविण्यासाठी व्हिडिओ टेपचा उपयोग करीत. एका आडव्या रेषेत तीन नमुने, एका क्षेत्रात २४५ रेषा आणि सेकंदाला ६० क्षेत्रे यांचा गुणाकार ४४,१०० होतो. दूरचित्रवाणी व चित्रपट यांत ४८ किलोहर्ट्झ हा दर रूढ आहे. अभिलेखागारांत ९६ किलोहर्ट्झचा वापर होतो. पारंपरिक डिजिटल दूरध्वनीत ८ किलोहर्ट्झ एवढाच दर असतो, त्यामुळे त्यावरील आवाज बसका वाटतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. दोन नमुन्यांमधील ध्वनी हरवतो आणि डिजिटल लहर पायऱ्यापायऱ्यांची होते, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात नियमानुसार पुरेसे नमुने घेतलेले असतील, तर परिवर्तकातून बाहेर पडणारी लहर सलग व गुळगुळीत असते. ठरलेल्या मर्यादेच्या आतील वारंवारतांपुरते नमुन्यांमधले काहीही गमावलेले नसते.

बिट डेप्थ

प्रत्येक नमुन्याचा आकडा संगणकाच्या द्विमान पद्धतीत, म्हणजे शून्य आणि एक या दोनच अंकांत लिहिला जातो. अशा एका अंकास बिट म्हणतात. एका नमुन्यासाठी किती बिट वापरले, ती संख्या म्हणजे बिट डेप्थ. सम्राट यंत्राच्या भाषेत हा पट्टीवरील रेषांचा बारीकपणा आहे. ८ बिटांत २५६ पातळ्या मिळतात, १६ बिटांत ६५,५३६ आणि २४ बिटांत १ कोटी ६७ लाखांहून अधिक.

छाया दोन रेषांच्या मध्ये असली तर निरीक्षकाला जवळची रेषा निवडावी लागते. तसेच येथेही प्रत्येक मोजमाप जवळच्या पातळीवर बसवावे लागते. या क्रियेस क्वान्टायझेशन आणि तिच्यातून उद्भवणाऱ्या किंचित चुकीस क्वान्टायझेशन दोष म्हणतात. मंद आवाजात हा दोष कर्कशपणे जाणवू नये म्हणून मुद्दाम अतिसूक्ष्म खरखर मिसळतात. त्या प्रक्रियेचे नाव डिदर असे आहे.

सर्वांत मोठा आवाज आणि माध्यमाची स्वतःची खरखर यांतील अंतरास डायनॅमिक रेंज म्हणतात. प्रत्येक बिटामागे ती सुमारे ६ डेसिबलने वाढते. त्यानुसार १६ बिटांत सुमारे ९६, तर २४ बिटांत तत्त्वतः सुमारे १४४ डेसिबल मिळतात. 'तत्त्वतः' म्हणण्याचे कारण पुन्हा जयपूरच्या छायेत सापडते. सूर्य हा बिंदू नसून बिंब असल्यामुळे सम्राट यंत्राच्या छायेची कड धूसर असते. त्या धूसरपणाहून बारीक रेषा आखून मोजमाप अधिक अचूक होत नाही. त्याचप्रमाणे मायक्रोफोन, विद्युतमंडल आणि खोली यांची मूळची खरखर २४ बिटांच्या शेवटच्या काही पातळ्या व्यापून टाकते. तरीही ध्वनिमुद्रणाच्या वेळी २४ बिट उपयुक्त ठरतात, कारण पातळी थोडी खाली ठेवूनही सुरक्षित मुद्रण करता येते.

डिजिटल पद्धतीतील कमाल पातळीस शून्य डेसिबल मानतात आणि बाकीच्या पातळ्या त्याखाली ऋण संख्येत मोजतात. शून्याच्या वर आकडाच नसल्यामुळे त्यापुढे गेलेल्या लहरीचा माथा सपाट छाटला जातो. यास क्लिपिंग म्हणतात. हा दोष नंतर पूर्णपणे काढता येत नाही.

पीसीएम, बिट रेट आणि फाइलचा आकार

अशा रीतीने मिळालेल्या नमुन्यांच्या सरळ रांगेस पल्स कोड मॉड्युलेशन, संक्षेपाने पीसीएम, म्हणतात. ही कल्पना ब्रिटिश अभियंते ॲलेक रीव्ह्ज यांनी १९३७ मध्ये मांडली होती. तिचा व्यापक वापर होण्यास मात्र कित्येक दशके लागली.

एका सेकंदाच्या ध्वनीसाठी लागणाऱ्या बिटांच्या संख्येस बिट रेट म्हणतात. सॅम्पल रेट, बिट डेप्थ आणि वाहिन्यांची संख्या यांच्या गुणाकाराने तो मिळतो. एकच वाहिनी असेल तर ध्वनी मोनो, डावी-उजवी अशा दोन असतील तर स्टिरिओ. सीडीसाठी ४४,१०० गुणिले १६ गुणिले २, म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. आठ बिटांचा एक बाइट, या हिशेबाने तासाभराच्या मैफलीस सुमारे ६३५ मेगाबाइट लागतात. तीच मैफल ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिट या मापाने उतरविल्यास सुमारे २.०७ गिगाबाइट जागा व्यापते. वेव्ह या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फाइलींत सामान्यतः असा असंकोचित पीसीएम ध्वनी असतो. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने नभोवाणी केंद्रांसाठी तिचेच ब्रॉडकास्ट वेव्ह हे रूप तयार केले. त्यात मुद्रणाची माहितीही फाइलच्या आतच नोंदविता येते.

कॉम्प्रेशन आणि कोडेक

फाइलचा आकार कमी करण्यास कॉम्प्रेशन, म्हणजे संकोचन म्हणतात. संकोचन करणाऱ्या आणि पुन्हा ध्वनी उलगडणाऱ्या कार्यपद्धतीस कोडेक ही संज्ञा आहे. कोडेकचे दोन वर्ग पडतात.

लॉसलेस वर्गात काहीही गमावले जात नाही. आकड्यांतील पुनरावृत्ती हेरून ते आटोपशीर लिहिले जातात आणि उलगडल्यावर मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळतात. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेले फ्लॅक हे याचे सर्वपरिचित उदाहरण. यामुळे संगीताची फाइल बहुधा मूळच्या निम्म्याच्या आसपास येते.

लॉसी वर्गात ध्वनीतील काही अंश कायमचा वगळला जातो. मोठ्या स्वरालगतचा मंद स्वर कानाला जाणवत नाही. श्रवणाच्या या गुणधर्मास मास्किंग म्हणतात. जे जाणवणार नाही ते साठवू नये, या तत्त्वावर जर्मनीतील फ्राउनहोफर संस्था आणि अन्य संशोधकांनी एमपी३ हा कोडेक घडविला. १९९० च्या दशकाच्या आरंभी तो आंतरराष्ट्रीय मानकाचा भाग झाला. सेकंदाला १२८ किलोबिट या दराने तासाभराची फाइल अवघ्या ५८ मेगाबाइटच्या आसपास बसते, म्हणजे सीडीच्या जवळजवळ अकराव्या हिश्शात. एएसी आणि ओपस हे त्यानंतरचे अधिक कार्यक्षम कोडेक होत.

बोललेल्या शब्दांसाठी असे संकोचन पुरेसे असते. संगीतात मात्र त्याच्या मर्यादा दिसतात. तानपुऱ्याच्या जव्हारीतून उमटणारे उंच उपस्वर कमी बिट रेटला पुसट आणि पाण्यात ढवळल्यासारखे होतात. तबल्याच्या तीक्ष्ण आघाताआधी किंचित फुसफुस ऐकू येते. शिवाय लॉसी फाइल संपादित करून पुन्हा लॉसी स्वरूपातच जतन केली की प्रत्येक वेळी नवा तोटा होतो. एमपी३ फाइलचे वेव्हमध्ये रूपांतर केल्याने आकार वाढतो. हरवलेला ध्वनी परत येत नाही.

प्रक्षेपणातील डिजिटल ध्वनी

मध्यम लहरींवर दोन केंद्रांमधील अंतर भारतात ९ किलोहर्ट्झ ठेवलेले आहे. एवढ्या अरुंद पट्ट्यात ॲनालॉग पद्धतीने उच्च प्रतीचा ध्वनी मावत नाही. डिजिटल रेडिओ मॉन्डिएल, म्हणजेच डीआरएम, या पद्धतीत एएसी कुळातील कोडेकने संकोचित केलेला ध्वनी तेवढ्याच पट्ट्यातून अधिक स्वच्छ रूपात पाठविता येतो. आकाशवाणीने दिल्लीनजीकच्या खामपूर येथून २००९ मध्ये लघुलहरींवर डीआरएम सेवा सुरू केली. त्यानंतर मध्यम लहरींवरील अनेक प्रक्षेपक या पद्धतीचे करण्यात आले. राजस्थानातील अजमेर येथील प्रक्षेपकाचा त्यांत समावेश आहे. फाइलींवरील हक्कनियंत्रणासाठीही डीआरएम हेच लघुरूप वापरतात; त्याचा या पद्धतीशी संबंध नाही.

ॲनालॉग केंद्र दूर गेले की हळूहळू खरखर वाढते, तरी शब्द कळत राहतात. डिजिटल संकेत मात्र एका मर्यादेपर्यंत निर्दोष ऐकू येतो आणि त्यापुढे एकदम तुटतो.

जयपूर घराणे आणि जतनाचा प्रश्न

मराठी श्रोत्यांना जयपूर हे नाव मुख्यतः गायकीमुळे परिचित आहे. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ यांचा जन्म तत्कालीन जयपूर संस्थानातील उनियारा येथे झाला. छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाने ते कोल्हापुरात राहिले आणि १९४६ मध्ये मुंबईत निवर्तले. भारतात तबकड्यांचे मुद्रण १९०२ पासून सुरू झाले होते. तरीही खाँसाहेबांच्या गायनाची तबकडी बाजारात आली नाही. त्यांची गायकी आज शिष्यपरंपरेतून आणि आठवणींतूनच कळते.

त्यांच्या शिष्या, गोव्यातील केरी येथील केसरबाई केरकर यांच्या तबकड्या निघाल्या. त्यांची भैरवीतील एक रचना १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांवरील सुवर्ण तबकडीत समाविष्ट झाली. ही तबकडीही ॲनालॉगच आहे. पण ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत. तासभर उलगडणाऱ्या ख्यालाला पहिल्यांदा पुरेशी जागा दिली ती चुंबकीय टेपने. मोगूबाई कुर्डीकर, मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरी आमोणकर यांच्या पिढ्यांचे विस्तृत गायन म्हणूनच टेपवर राहिले. यात नभोवाणीच्या टेप आहेत, तशाच रसिकांनी खासगी मैफलींत केलेल्या मुद्रणांच्याही आहेत. जयपूर येथे आकाशवाणीचे केंद्र १९५५ मध्ये सुरू झाले, तेव्हा पाव इंची टेपचे युग नुकतेच उजाडत होते.

या टेपचे आयुष्य मर्यादित आहे. उष्णता, दमटपणा आणि धूळ यांमुळे चुंबकीय थर सुटतो किंवा चिकट होतो. त्याहून मोठी अडचण टेप वाजविणाऱ्या यंत्रांची. ती तयार होणे थांबले, सुटे भाग दुर्मिळ झाले आणि जाणकार तंत्रज्ञ निवृत्त झाले. युनेस्कोचा 'सर्वांसाठी माहिती' हा कार्यक्रम आणि ध्वनी व दृक्‌श्राव्य अभिलेखागारांची आंतरराष्ट्रीय संघटना, संक्षेपाने आयासा, यांनी २०१९ मध्ये याबाबत इशारा दिला. २०२५ च्या सुमारास टेपवरील ध्वनी नेहमीच्या पद्धतीने उतरविणे दुरापास्त होईल, असे त्यात म्हटले होते. ती मुदत आता दूरच्या भविष्यातील राहिलेली नाही.

म्हणूनच डिजिटल रूपांतराकडे टेप वाजविण्याची कदाचित शेवटची संधी या दृष्टीने पाहावे लागते. आयासाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जतनासाठीची मूळ प्रत किमान ४८ किलोहर्ट्झ, शक्यतो ९६ किलोहर्ट्झ सॅम्पल रेट आणि २४ बिट डेप्थ यांत, कोणतेही लॉसी संकोचन न करता, घ्यावी. ऐकण्यासाठी लागणाऱ्या लहान प्रती तिच्यावरून केव्हाही काढता येतात. लहान प्रतीवरून मूळ प्रत कधीच मिळत नाही.

घरातील कॅसेटसाठी काही सूचना

१. फीत चिकट झाली असेल किंवा तिच्यावरून चूर्ण पडत असेल तर ती वाजवू नये. तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

२. यंत्राचे हेड प्रथम स्वच्छ करावे. हेडचा कोन फितीशी जुळला नाही तर उंच स्वर दबतात. हा दोष संगणकावर नीट दुरुस्त होत नाही.

३. पातळी अशी ठेवावी की सर्वांत मोठा आवाजही शून्याच्या सुमारे ६ डेसिबल खाली राहील.

४. पहिली प्रत वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये घ्यावी. खरखर काढण्याचे प्रयोग तिच्या प्रतीवर करावेत, तिच्यावर नव्हे.

५. कलावंत, राग, साथीदार, स्थळ, दिनांक आणि मूळ टेपवरील मजकूर फाइलसोबत लिहून ठेवावा. या माहितीस मेटाडेटा म्हणतात. ती देऊ शकणारी व्यक्ती घरात असेपर्यंत हे काम उरकावे.

६. निदान तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवाव्यात आणि त्यांपैकी एक अन्य ठिकाणी असावी. डिजिटल प्रत झिजत नाही, पण तिचे साधन अचानक निकामी होऊ शकते.

७. नवी प्रत ऐकून पडताळल्यानंतरही मूळ टेप टाकून देऊ नये.

संज्ञा थोडक्यात

सॅम्पल रेट : एका सेकंदात घेतलेल्या नमुन्यांची संख्या.
बिट डेप्थ : एका नमुन्यासाठी वापरलेल्या बिटांची संख्या.
बिट रेट : एका सेकंदाच्या ध्वनीसाठी लागणारे बिट.
डायनॅमिक रेंज : कमाल आवाज आणि मूळची खरखर यांतील अंतर.
एलिआसिंग : अपुऱ्या नमुन्यांमुळे उमटणारा खोटा स्वर.
क्लिपिंग : कमाल पातळी ओलांडल्याने लहरीचा माथा छाटला जाणे.
पीसीएम : नमुन्यांची असंकोचित रांग.
कोडेक : ध्वनीचे संकोचन करणारी व तो उलगडणारी कार्यपद्धती.
लॉसलेस : मूळ आकडे जसेच्या तसे परत देणारे संकोचन.
लॉसी : काही अंश कायमचा वगळणारे संकोचन.
मेटाडेटा : ध्वनिमुद्रणाविषयीची लिखित माहिती.